शीतसंवेदनशील बागझुडपे (सातारा व सांगली जिल्हे)

शीतसंवेदनशील बागझुडपे म्हणजे मूळची उष्ण प्रदेशातील अशी बहुवर्षायू झुडपे की, तापमान ठरावीक मर्यादेखाली गेल्यास ज्यांची पाने, शेंडे, कळ्या किंवा मुळे यांना इजा होते. बोलीभाषेत त्यांना ‘थंडी न सोसणारी’ किंवा ‘नाजूक’ झाडे म्हणतात. जास्वंद, क्रोटन, इक्झोरा, मुसांडा, पॉइन्सेटिया, बोगनवेल, मोगरा आणि तुळस ही महाराष्ट्रातील परिचित उदाहरणे होत.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागात या झुडपांना हिवाळ्याचा विशेष त्रास होत नाही. सातारा व सांगली या लगतच्या जिल्ह्यांत मात्र घाटमाथा, नदीखोरे आणि अवर्षणप्रवण पठार असे तीन भिन्न प्रदेश थोड्या अंतरावर एकत्र येतात. त्यामुळे एकाच रोपवाटिकेतून घेतलेले एकच रोप मिरजेत बहरते, वाईत पाने गाळते आणि महाबळेश्वरच्या खोलगट भागात जळून जाते. रोपाची निवड, खरेदीचा काळ, लागवडीची जागा आणि थंडीतील पाण्याचे नियोजन या चार गोष्टींवर येथील झुडपांचे जगणे मुख्यतः अवलंबून असते.

व्याख्या व वर्गीकरण

वनस्पतींच्या थंडी सोसण्याच्या क्षमतेला शीतसहिष्णुता म्हणतात. या क्षमतेनुसार बागेतील झुडपांचे स्थूलमानाने तीन गट पडतात.

१. अतिनाजूक झुडपे: तापमान १० ते १२ अंश सेल्सिअसखाली बराच काळ राहिल्यास यांना इजा होऊ लागते. क्रोटन, इक्झोरा, मुसांडा, पॉइन्सेटिया.

२. मध्यम नाजूक झुडपे: थंडीत यांची वाढ थांबते आणि पाने गळतात, पण पाणी गोठण्याइतकी थंडी पडली नाही तर झाड जगते. जास्वंद, बोगनवेल, मोगरा, चाफा, कढीपत्ता.

३. काटक झुडपे: हलके हिमकणही सोसतात. कण्हेर, अनंत, हायड्रेंजिया, गुलाब.

हे गट काटेकोर नाहीत. झाडाचे वय, मुळांची खोली, मातीतील ओलावा आणि थंडी एकदम आली की हळूहळू वाढत गेली, यांवर प्रत्यक्ष परिणाम ठरतो. तीन वर्षे जमिनीत रुजलेली जास्वंद ज्या रात्री तग धरते, त्याच रात्री महिन्याभरापूर्वी लावलेले जास्वंदीचे रोप दगावू शकते.

थंडीने होणारी इजा

थंडीची इजा दोन प्रकारची असते. त्यांची लक्षणे व उपाय वेगळे असल्यामुळे त्यांतील फरक जाणून घेणे आवश्यक ठरते.

शीत-इजा ही पाणी गोठण्याच्या बिंदूच्या वरच्या तापमानात होते. उष्ण प्रदेशातील वनस्पतींच्या पेशीपटलांचे कार्य कमी तापमानात बिघडते आणि मुळे पाणी शोषण्यात मंद होतात. माती ओली असूनही पाने मलूल दिसतात, पिवळी किंवा तांबूस पडतात व गळतात. कळ्या न उमलताच पडतात. सांगली शहर, कऱ्हाड, इस्लामपूर, तासगाव या भागांत थंडीने होणारे नुकसान प्रायः याच प्रकारचे असते.

हिम-इजा ही तापमान शून्य अंशापर्यंत किंवा त्याखाली गेल्यावर होते. पेशींमधील पोकळ्यांत बर्फाचे स्फटिक तयार होतात, पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते आणि पेशीपटले फाटतात. पहाटे पाने काचेसारखी कडक दिसतात. ऊन पडल्यावर ती काळसर, पाणीदार होऊन लोंबतात आणि एक-दोन दिवसांत भाजल्यासारखी वाळतात. ही इजा दोन्ही जिल्ह्यांत मुख्यतः महाबळेश्वर परिसरात आढळते.

प्रादेशिक हवामान

घाटमाथा

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर असून तेथील विल्सन पॉइंट हे ठिकाण सुमारे १,४३९ मीटर उंच आहे. पाचगणीची उंची सुमारे १,२९० मीटर आहे. येथील माती जांभ्या खडकापासून बनलेली, तांबडी, आम्लधर्मी व पाण्याचा जलद निचरा करणारी असते. पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडून मातीतील क्षार वाहून जातात आणि त्यानंतर लगेच थंडी सुरू होते. त्यामुळे येथे रोपांना अतिवृष्टी आणि थंडी अशा दोन परीक्षांतून लागोपाठ जावे लागते.

कृष्णा खोरे

वाई, सातारा, कऱ्हाड, वाळवा, पलूस, सांगली आणि मिरज हा पट्टा कृष्णा व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यात येतो. साताऱ्याची उंची सुमारे ७०० मीटर, तर सांगलीची सुमारे ५५० मीटर आहे. डिसेंबर-जानेवारीत येथील रात्रीचे किमान तापमान सामान्यतः १० ते १५ अंशांच्या दरम्यान असते. थंडीच्या लाटेत ते १० अंशांखाली उतरते. नदीकाठच्या काळ्या मातीत ओलावा दीर्घकाळ टिकतो. उन्हाळ्यात हे वरदान असले, तरी थंडीत मंदावलेल्या मुळांना हाच ओलावा कुजवतो.

पूर्वेकडील पठार

माण, खटाव, आटपाडी, खानापूर, कवठे महांकाळ आणि जत हे तालुके पर्जन्यछायेत येतात. येथील हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे दिवस व रात्र यांच्या तापमानांत मोठी तफावत पडते. दुपारी उन्हाचा चटका आणि पहाटे कडाक्याची थंडी हे येथील हिवाळ्याचे स्वरूप होय.

थंडीची लाट

उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात पुढे सरकल्यावर उत्तरेकडील कोरडे थंड वारे महाराष्ट्रात येतात आणि तापमान एक-दोन दिवसांत झपाट्याने उतरते. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी खाली असल्यास थंडीची लाट मानली जाते. झुडपांच्या दृष्टीने अशी अचानक आलेली थंडी अधिक घातक असते. तापमान टप्प्याटप्प्याने उतरल्यास वनस्पती पेशींतील शर्करेचे प्रमाण वाढवून काही अंशी स्वतःला तयार करतात. एकदम उतरल्यास ही संधी मिळत नाही.

वेण्णा तलाव परिसरातील हिमकण

महाबळेश्वरजवळील वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात काही वर्षी डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पहाटे दवबिंदू गोठतात. गवत, होड्या, स्ट्रॉबेरीची पाने आणि मोटारींचे टप यांवर पांढरा थर दिसतो. यास स्थानिक लोक व वृत्तपत्रे ‘हिमकण’ म्हणतात; शास्त्रीय परिभाषेत तो हिमतुषाराचा प्रकार होय. हे आकाशातून पडणारे बर्फ नसते.

त्याच रात्री महाबळेश्वरच्या वेधशाळेत नोंदलेले तापमान शून्याच्या बरेच वर असते. या विसंगतीची कारणे दोन आहेत. पहिले असे की, वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या जाळीदार पेटीत ठेवलेला असतो. निरभ्र व निर्वात रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करते, त्यामुळे गवताच्या पातीजवळचे तापमान वरच्या हवेपेक्षा काही अंशांनी कमी होते. दुसरे असे की, थंड हवा जड असल्याने पाण्याप्रमाणे उतारावरून वाहत जाऊन खोलगट जागी साचते. वेण्णेचे खोरे ही अशीच जागा आहे. म्हणून टेकडीच्या उतारावरील बाग वाचते आणि तिच्याखाली शंभर-दोनशे पावलांवरची बाग जळते.

हाच नियम लहान प्रमाणात प्रत्येक अंगणाला लागू पडतो. उताराच्या तळाशी असलेली कुंपणभिंत थंड हवा अडवून धरते आणि तिच्या आतल्या बाजूची झुडपे अधिक गारठतात.

इतिहास

या भागात परदेशी झुडपांची आवक प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात वाढली. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी झालेल्या करारानुसार १८२९ मध्ये महाबळेश्वरचा प्रदेश इंग्रजांकडे आला आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाने तेथे माल्कम पेठ वसली. बंगल्यांभोवती युरोपीय पद्धतीच्या बागा तयार झाल्या. येथील तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांनी भाजीपाल्याच्या बागा फुलवल्याचे उल्लेख मिळतात.

१८६०च्या दशकात जॉन चेसन यांनी पाचगणीची वसाहत उभी केली. त्यांनी तेथे अनेक परदेशी वनस्पती लावल्या. त्यांत सिल्व्हर ओक आणि पॉइन्सेटिया यांचा समावेश होता. सिल्व्हर ओकच्या उंच रांगा आज पाचगणीची ओळख बनल्या आहेत. मेक्सिकोतील उबदार प्रदेशातून आलेला पॉइन्सेटियाही पाचगणीत रुजला. यामागे पाचगणीची जागा महत्त्वाची आहे. हे गाव डोंगराच्या कडेवर असल्याने थंड हवा खाली कृष्णेच्या खोऱ्याकडे वाहून जाते आणि महाबळेश्वरच्या खोलगट भागासारखी साचून राहत नाही.

प्रमुख झुडपे

तुळस

तुळस हे लहान उपझुडूप असून दोन्ही जिल्ह्यांत घरोघरी वृंदावनात लावलेले असते. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीचे लग्न होते आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत थंडी वाढून तुळशीची पाने काळपट पडू लागतात. अनेक कुटुंबांत ही अशुभ घटना समजली जाते. वस्तुतः मंजिऱ्यांत बी धरल्यावर तुळशीची वाढ मंदावणे आणि थंडीत पाने झडणे या नैसर्गिक क्रिया आहेत. मंजिऱ्या वेळेवर खुडणे, पाणी बेताने घालणे आणि रात्री सुती कापड पांघरणे या उपायांनी झाड बहुधा तगते. थोडे बी राखून ठेवल्यास नवे रोप तयार करता येते.

जास्वंद

उमलण्यापूर्वीच कळ्या गळणे हे थंडीचे पहिले लक्षण होय. हिवाळ्यात फुले कमी व लहान येतात. पिठ्या ढेकूण ही कीड कोवळ्या शेंड्यांवर वर्षभर आढळते. थंडीत वाढ खुंटल्यामुळे तिचे नुकसान अधिक जाणवते.

पॉइन्सेटिया

युफोर्बिया कुळातील या झुडपाचे लाल भाग म्हणजे फुले नसून रंगीत पाने होत. अमेरिकेचे मेक्सिकोतील राजदूत जोएल रॉबर्ट्स पॉइन्सेट यांच्या नावावरून त्यास हे नाव मिळाले. दिवस लहान व रात्र मोठी झाल्यावरच पाने रंग धरतात. म्हणून नाताळच्या सुमारास ते बाजारात येते. रस्त्यावरील दिव्याच्या उजेडात असलेले झाड रंग धरत नाही. तापमान १० अंशांखाली बराच वेळ राहिल्यास पाने गळतात. याचा चीक त्वचेला त्रासदायक ठरू शकतो.

क्रोटन, इक्झोरा व मुसांडा

हे तिघेही उष्ण व दमट हवेचे रहिवासी आहेत. पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यात त्यांना थंडीइतकाच कोरड्या वाऱ्याचाही त्रास होतो. चुनखडीयुक्त काळ्या मातीत इक्झोराची पाने लोहाच्या कमतरतेने पिवळी पडतात. थंड मातीत लोहाचे शोषण आणखी घटते. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडल्यास ती प्रायः लोहाची कमतरता असते. संपूर्ण पान पिवळे होऊन गळल्यास थंडी किंवा अतिरिक्त पाणी हे कारण संभवते.

बोगनवेल

मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वेलवर्गीय झुडूप-वनस्पती कोरडी हवा उत्तम सोसते. हलक्या हिमकणांनी तिचे शेंडे जळतात; पण खोडाच्या बुंध्यापासून नवे फुटवे येतात. माण, आटपाडी, जत या भागांसाठी ही सर्वांत भरवशाची निवड मानता येते.

मोगरा, चाफा व कढीपत्ता

ही तिन्ही झाडे हिवाळ्यात विश्रांती घेतात. चाफा पूर्णपणे निष्पर्ण होतो. या अवस्थेत नेहमीप्रमाणे पाणी घातल्यास चाफ्याचे खोड मऊ पडून कुजते. मोगऱ्याचे पाणी हिवाळ्यात कमी करून जानेवारी-फेब्रुवारीत छाटणी केल्यास उन्हाळ्यात बहर चांगला येतो.

अनंत, कण्हेर व हायड्रेंजिया

ही तुलनेने काटक झुडपे आहेत. अनंत व हायड्रेंजिया यांना आम्लधर्मी माती मानवत असल्यामुळे महाबळेश्वर-पाचगणीच्या तांबड्या मातीत ती चांगली येतात. अशा मातीत हायड्रेंजियाची फुले निळसर होतात. कण्हेर कोणत्याही मातीत येते; तिचे सर्व भाग विषारी असल्याने लहान मुले व जनावरे यांच्या वावरापासून ती दूर लावावी लागते.

रोपांची खरेदी

खरेदीचा काळ

रोपवाटिकांत झुडपे फुलांनी लदलेली दिसतात ती प्रायः दिवाळी ते नाताळ या काळात. आणि नाजूक झुडपांची खरेदी करण्यास हाच काळ सर्वांत प्रतिकूल असतो. नोव्हेंबरनंतर लावलेल्या रोपाची मुळे थंड मातीत पसरत नाहीत. याउलट जून-जुलैत, पहिले चांगले पाऊस झाल्यावर लावलेल्या रोपास थंडीपूर्वी चार-पाच महिने मिळतात. घाटमाथ्यावर मुसळधार पावसात रोपे कुजत असल्याने तेथे पावसाचा जोर ओसरल्यावर किंवा थेट फेब्रुवारीच्या अखेरीस लागवड करणे श्रेयस्कर ठरते. हिवाळ्यात रोप घेणे अपरिहार्य असल्यास ते जमिनीत न लावता पिशवीत किंवा कुंडीतच, आडोशाला, फाल्गुनापर्यंत ठेवता येते.

रोपाचे मूळ स्थान

महाराष्ट्रात विकली जाणारी शोभेची अनेक रोपे आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळच्या कडियम परिसरातील रोपवाटिकांतून मालमोटारींनी येतात. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील उबदार, दमट हवेत आणि शेडनेटखाली वाढलेले रोप टवटवीत दिसते. पण त्याने थंडी किंवा कोरडा वारा कधी अनुभवलेला नसतो. पुणे-सोलापूर मार्गावरील उरुळी कांचन परिसर हेही रोपांच्या व्यापाराचे मोठे केंद्र आहे. रोप कोठे वाढले आणि विक्रेत्याकडे किती दिवसांपासून आहे, ही चौकशी किमतीइतकीच महत्त्वाची असते. स्थानिक रोपवाटिकेत एक हिवाळा काढलेले लहान रोप हे बाहेरून नुकत्याच आलेल्या मोठ्या रोपापेक्षा अधिक खात्रीचे ठरते.

पारखण्याच्या बाबी

• पिशवीच्या छिद्रांतून जाड मुळे बाहेर आलेली किंवा आत गुंडाळलेली नसावीत. मुळे पांढरट व टणक असावीत. काळी, मऊ व दुर्गंधीयुक्त मुळे कुजल्याची खूण होय.

• मुळांभोवती घट्ट चिकणमातीचा गोळा असल्यास तो भिजवून बाहेरून हलकेच मोकळा करावा लागतो. अन्यथा मुळे बाहेरच्या मातीत शिरत नाहीत.

• पानांची खालची बाजू आणि फांद्यांचे बेचके पाहावेत. पिठ्या ढेकूण, मावा, पांढरी माशी व खवले कीड तेथेच आढळतात.

• उंच, एकशेवडी व पातळ रोपापेक्षा बुंध्यापासून तीन-चार फांद्या फुटलेले बुटके रोप निवडावे.

• कलमी रोपात कलमाचा जोड पूर्ण भरलेला असावा. जोडाखालून फुटणारे फुटवे काढून टाकावे लागतात.

• एकाच बोलीनावाने अनेक वनस्पती विकल्या जातात; म्हणून शास्त्रीय नाव विचारून घेणे हितावह ठरते.

कायदेशीर बाजू

महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९चा नियमन करणारा अधिनियम असून त्यानुसार परवाना आवश्यक असतो. हा अधिनियम फळरोपांसाठी आहे. शोभेच्या झुडपांच्या ग्राहकाला त्यामुळे स्वतःच्या पारखीवरच अधिक विसंबावे लागते. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाची केंद्रे या भागात असून सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज आणि महाबळेश्वर येथील संशोधन केंद्रे त्यांपैकी आहेत.

लागवड

नाजूक झुडपासाठी घराच्या दक्षिणेकडील किंवा पश्चिमेकडील भिंतीलगतची जागा सर्वांत उबदार असते. दगडी किंवा विटांची भिंत दिवसा ऊन साठवते व रात्री ती ऊब हळूहळू सोडते. मोठ्या झाडाच्या विरळ सावलीतही रात्री उष्णता टिकते, कारण पानांचे छत जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेस अडवते. उताराचा तळ, विहिरीजवळचा खोलगट भाग आणि उत्तरेकडील मोकळा कोपरा या जागा टाळल्या जातात.

काळ्या मातीत खड्डा काढताना तळाशी विटांचे तुकडे किंवा मुरूम घालणे पुरेसे नसते. खड्ड्याभोवतीची माती पाणी धरून ठेवत असल्याने त्यात पाणी साचतेच. त्यापेक्षा जमिनीपासून वीतभर उंच वरंबा किंवा गादीवाफा करून त्यावर लागवड करणे उपयुक्त ठरते. २००५, २०१९ व २०२१ या वर्षी कृष्णेच्या पुराचे पाणी सांगलीच्या सखल भागांत शिरले होते. अशा पुरानंतर गाळाचा थर बुंध्याशी साचून राहिल्यास मुळांना हवा मिळत नाही आणि अशक्त झालेले झाड पुढच्या थंडीत दगावण्याचा धोका वाढतो. गाळ काढून बुंधा पूर्वीच्या पातळीपर्यंत मोकळा करणे हा त्यावरील उपाय होय.

हिवाळी संरक्षण

खत व छाटणी

ऑक्टोबरपासून युरियासारखी नत्रयुक्त खते थांबवली जातात, कारण त्यांमुळे फुटणारी कोवळी पालवी थंडीत प्रथम जळते. त्याच कारणासाठी नोव्हेंबर ते जानेवारी या काळात नाजूक झुडपांची छाटणी केली जात नाही.

पाणी

थंडीत पाणी कमी, परंतु योग्य वेळी द्यावे लागते. सकाळी ऊन चढल्यावर दिलेले पाणी मुळांना मानवते. मातीचा वरचा दोन बोटांचा थर कोरडा झाल्याशिवाय पुन्हा पाणी दिले जात नाही. हिमकणांची शक्यता असलेल्या रात्रीचा याला अपवाद आहे. ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसा अधिक उष्णता साठवते. म्हणून अशा दिवशी दुपारपर्यंत जमीन भिजवून ठेवणे फायद्याचे असते.

आच्छादन

ऊसपट्ट्यात उसाचे पाचट मुबलक मिळते. त्याचा चार ते सहा इंचांचा थर बुंध्यापासून थोडे अंतर सोडून पसरल्यास मुळांचे थंडीपासून रक्षण होते आणि ओलावा टिकतो. भाताचा पेंढा व वाळलेला पालाही चालतो. आच्छादन मुळांचे रक्षण करते, शेंड्यांचे नव्हे. उलट ते जमिनीतील ऊब वर येऊ देत नसल्यामुळे, हिमकण पडणाऱ्या जागी अशा रात्रीपुरते पाचट बाजूला सारून ओली माती उघडी ठेवल्यास फांद्यांना थोडी ऊब मिळते.

पांघरूण

झुडपाभोवती तीन-चार काठ्या रोवून त्यांवर गोणपाट, जुनी सुती साडी किंवा शेतीसाठी मिळणारे न विणलेले क्रॉप कव्हर टाकले जाते. पांघरूण जमिनीपर्यंत टेकलेले असावे, म्हणजे मातीची ऊब आत कोंडली जाते. प्लॅस्टिकचा कागद पानांना चिकटल्यास तेथेच इजा होते. त्यामुळे तो वापरायचा असल्यास पानांपासून दूर ठेवावा लागतो. सूर्यास्तापूर्वी घातलेले पांघरूण सकाळी ऊन आल्यावर काढले जाते.

कुंड्या

कुंडीतील मुळे चारही बाजूंनी गारठतात. गच्चीवरील कुंड्या एकमेकींना लगटून, भिंतीच्या आडोशाला ठेवल्या जातात. लहान कुंड्या रात्री ओसरीवर आणता येतात. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देणे धोक्याचे असते.

शेकोटी व धूर

द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवण्याची पद्धत आहे. अनेक लहान शेकोट्या एका मोठ्या जाळापेक्षा अधिक उपयोगी पडतात, कारण मोठ्या जाळाची गरम हवा वेगाने वर निघून जाते. केवळ धुराचा उपयोग मर्यादित असतो. घरालगतच्या बागेत, विशेषतः पाचटाचे आच्छादन असताना, हा उपाय आगीच्या धोक्यामुळे टाळावा लागतो.

इजा झाल्यावर

थंडीने जळलेले झाड मेलेच असे समजून उपटून टाकणे, किंवा त्यास जगवण्यासाठी भरपूर पाणी व खत घालणे, या दोन चुका सर्वाधिक आढळतात. पाने गमावलेले झाड पाणी फारसे वापरत नाही. अशा वेळी दिलेले जादा पाणी मुळे कुजवते आणि थंडीतून वाचलेले झाड त्यानंतर मरते.

जळलेले शेंडे फेब्रुवारीपर्यंत तसेच ठेवले जातात. ते कुरूप दिसले, तरी आतल्या जिवंत डोळ्यांवर त्यांचे छत राहते. थंडी सरल्यावर नखाने सालीवर लहानसा ओरखडा काढून पाहिला जातो. आतील थर हिरवा व ओलसर असल्यास फांदी जिवंत असते. तपकिरी व कोरडा असल्यास ती मेलेली असते. शेंड्याकडून बुंध्याकडे असे तपासत जाऊन हिरव्या भागाच्या किंचित वर छाट घेतला जातो. नवी पालवी फुटल्यावरच खत दिले जाते. सर्व फांद्या वाळल्या असल्या, तरी बोगनवेल, जास्वंद व मोगरा यांना बुंध्यापासून फुटवे येण्याची शक्यता असते. त्यामुळे उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत वाट पाहणे उचित ठरते.

व्यापारी पिकांतील अनुभव

या भागातील थंडीविषयीचे बरेचसे व्यावहारिक ज्ञान फळपिकांतून आले आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये, तर सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. स्ट्रॉबेरीला थंडी हवी असते. मात्र हिमकणांनी तिची फुले व कोवळी फळे काळी पडतात. तासगाव, मिरज, पलूस या तालुक्यांतील द्राक्षबागांत ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते आणि मणी वाढण्याचा काळ नेमका थंडीत येतो. तापमान फार उतरल्यास मण्यांची वाढ मंदावते. बागायतदाराचे वर्षाचे उत्पन्न ज्या पहाटेवर अवलंबून असते, त्याच पहाटे अंगणातील जास्वंदही गारठत असते; म्हणून द्राक्षपट्ट्यातील कृषी हवामान सल्ला घरगुती बागेसाठीही उपयोगी पडतो.

इतर देशांतील पद्धती

युरोपात नाजूक झुडपे हिवाळ्यात घरात आणण्याची परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकात व्हर्साय येथे लिंबूवर्गीय झाडांसाठी भव्य हिवाळी दालन बांधले गेले. इंग्लंडमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने वनस्पतींच्या शीतसहिष्णुतेसाठी एच १ ते एच ७ अशी श्रेणी ठरवली असून एच १ हा सर्वांत नाजूक गट होय. अमेरिकेच्या कृषी खात्याने वार्षिक किमान तापमानांच्या सरासरीवरून १३ विभाग पाडले असून लगतच्या दोन विभागांत सुमारे ५.६ अंश सेल्सिअसचा फरक असतो. परदेशी बियाण्यांच्या पाकिटांवर व रोपांच्या चिठ्ठ्यांवर ही चिन्हे आढळतात. परंतु त्यांत केवळ थंडीचा विचार असतो. घाटमाथ्यावरील पाऊस किंवा जतचा उन्हाळा ते रोप सोसेल की नाही, हे त्यांवरून कळत नाही. परदेशांतील मराठी कुटुंबेही तुळस व कढीपत्ता कुंडीत लावून हिवाळ्यात घरातील उजेडाच्या खिडकीशी ठेवतात.

प्रचलित गैरसमज

• ‘उंचावर थंडी जास्त, म्हणून उंचावरची बाग अधिक धोक्यात.’ निरभ्र व निर्वात रात्री उतारावरील जागा तळाच्या जागेपेक्षा उबदार असते.

• ‘वृत्तपत्रात तापमान पाच अंश आले, म्हणजे हिमकण पडणार नाहीत.’ जमिनीलगतचे तापमान नोंदलेल्या तापमानापेक्षा काही अंश कमी असू शकते.

• ‘पाने मलूल दिसली की पाणी द्यावे.’ थंडीत पाने मलूल होण्याचे कारण पुष्कळदा पाण्याचा अभाव हे नसून मुळांची मंद झालेली क्रिया हे असते.

• ‘ढगाळ हवेत थंडी बाधते.’ ढग जमिनीची उष्णता अडवतात. सर्वाधिक धोका स्वच्छ, चांदण्या लखलखणाऱ्या व वारा पडलेल्या रात्री असतो.